कथा लिहिणाऱ्याने दुर्बीण का बाळगावी

नव्याने कथा लिहू लागलेली मुलं-मुली भेटली की दोन प्रश्न ठरलेले असतात. रोज किती लिहायचं? आणि कुठे पाठवायचं? दोन्हींबद्दल पुढे सांगतेच. पण मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. लिहीत नसताना काय करायचं?

मी साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते, कथा लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला जाते. पक्षी काढून घेतले तर माझं लिहिणं फार काळ टिकणार नाही. कथाकाराजवळ शब्दांशी थेट संबंध नसलेलं एक तरी काम हवं, ज्यात तो तासन्‌तास रमतो आणि ज्यातून त्याला काहीही मिळवायचं नसतं. व्यंकटेश माडगूळकर चित्रं काढत, रानं तुडवत, शिकार करत, पुढे प्राणी-पक्षी नुसते न्याहाळत बसत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि घरी चित्रं रंगवत. जयंत नारळीकरांचं तर आयुष्यभराचं कामच खगोलशास्त्र. यांच्या गद्यात जी नजर आहे, ती पुस्तकं वाचून आलेली नाही, निदान फक्त त्यातून तरी नाही.

आता माझ्या छंदाचं एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल.

आमच्या भागात पाऊस लागला की विहिरीवर ओणवलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. हे खोपे नर विणतो. उसाच्या पानाच्या, गवताच्या लांब चिरफळ्या चोचीने सोलून आणायच्या, उलटं लटकून ओवायच्या, गाठी मारायच्या. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला की नर थांबतो आणि पंख फडफडवत ओरडू लागतो. माद्या येतात, आत शिरून बघतात. पसंत पडला तर तो पुढे खोली आणि लांब नळी विणून पुरा करतो. नाही पडला तर बहुतेक वेळा तो खोपा तसाच अर्धवट लोंबकळत राहतो. आणि एक मादी नांदायला लागली की हाच नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो! पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि हा उलगडा केला. तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती, तीच त्यांनी बघायला घेतली.

हे पावसाळ्यामागून पावसाळे बघताना माझ्या मनात एक माणूस तयार होत गेला. बायको नांदायला येईल म्हणून गावाकडे घर बांधणारा, स्लॅबपर्यंत येऊन थांबलेला. तिने एकदा येऊन बघितलं, काही न बोलता ती परत गेली, आणि ते घर सळया वर काढून तसंच उभं राहिलं. ही माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली कथा. तिच्यात सुगरण एकदाही येत नाही, विहीर नाही, बाभूळ नाही. नवख्यांना मी आग्रहाने सांगते ते हेच. छंदातली माहिती कथेत ओतू नका. छंदाने तुमच्यापुढे एखादी रचना, एखादा ताण ठेवलेला असतो. तेवढा घ्या आणि माणसांकडे वळा.

आणि कथा मिळावी म्हणून छंद लावून घेऊ नका. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पहाटे बसायचं ते चक्रवाक बघायला. येरळवाडीला रोहित पक्षी उतरले असं कळलं की जायचं ते त्यांच्यासाठी. तिथे बसून 'यातून काय लिहिता येईल' हा विचार सुरू झाला की डोळे बंदच झाले समजा. म्हणून माझ्या वह्या दोन आहेत. पक्ष्यांच्या वहीत तारीख, जागा, वारा, पाण्याची पातळी, पक्ष्याने काय केलं, एवढंच. विशेषणं नाहीत. कथेची वही घरीच राहते. या कोरड्या नोंदींनी माझं वाक्य सुधारलं, ते कुठल्याही शिबिराने सुधारलं नसतं. 'टिटवी व्याकुळ होऊन ओरडत होती' असं लिहायची सवय मोडली. ती कुठून कुठे उडाली, कुणाच्या डोक्यावर घिरट्या घालत होती, हे लिहिलं की व्याकुळता वाचणाऱ्याला आपोआप कळते.

छंदामुळे भेटणारी माणसं हा त्याहून मोठा ठेवा. तलावावर जाळी टाकणारे, मेंढरं घेऊन आलेले धनगर, पाण्याच्या पाळीसाठी मोटार लावून बसलेली शेतकरीण. यातलं कुणी कथा वाचत नाही, आणि 'मी लेखिका' म्हणून गेले असते तर त्यांनी माझ्याशी वेगळ्याच भाषेत बोलायला सुरुवात केली असती. "ताई, काय दिसलं का आज?" इथून गप्पा सुरू होतात आणि भावकीतल्या भांडणापर्यंत जातात. त्यांच्यासमोर वही काढायची नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं नाही. घरी येऊन जे आठवेल तेवढंच आपलं. कुणाच्या घरातली गोष्ट कथेत येणार असेल तर गाव, नाव, नातं, व्यवसाय सगळं बदलायचं. तरीही तो माणूस ओळखू येत असेल तर त्याला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर ती कथा लिहायची नाही. लिहून पेटीत ठेवायचीही नाही.

खर्चाची भीती नको. सुरुवातीला 8 बाय 40 ची साधी दुर्बीण पुरते, तीही मित्राची चालते. आणि एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. पासावर हिंडण्याइतकं चांगलं शिक्षण कथाकाराला दुसरं नाही. शेजारच्या सीटवर कोण येऊन बसेल हे आपण ठरवत नाही, हीच त्यातली मजा.

आता रोजच्या लिहिण्याचं. मी पहाटे लिहिते, बँकेची वेळ होईपर्यंत. पानं मोजत नाही. पहिला खर्डा हाताने, दुसरा टाइप करून, मग महिनाभर बाजूला. नंतर मोठ्याने वाचायचं, शक्यतो कुणालातरी ऐकवत. संवाद जिभेवर अडखळला की तो खोटा आहे.

पाठवण्याचं गणित मराठीत मुख्यतः दिवाळी अंकांभोवती फिरतं. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही रीत आहे. दिवाळीला अंक हवा म्हणजे संपादकांचं काम पावसाळ्यातच सुरू असतं. गणपतीत कथा पाठवून काही उपयोग नाही. जूनपर्यंत कथा तयार हवी. आधी त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं वाचनालयात बसून वाचा. काही अंक दीर्घकथा घेतात, काहींना आटोपशीर कथाच लागते. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, सोबत पीडीएफ जोडा, कारण फॉन्ट बदलताना जोडाक्षरं बिघडतात. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. उत्तराला महिने लागतात, कधी उत्तर येतच नाही. मग नम्रपणे एकदा विचारायचं आणि कथा दुसरीकडे पाठवायची. मानधन काही ठिकाणी बरं, काही ठिकाणी फक्त अंकाची प्रत. त्यावर घर चालत नाही, तेव्हा नोकरी टिकवा. नोकरीने मला कर्जदारांचे चेहरे दिले, तेही कमी नाही.

'साभार परत' आलं की बरीच मुलं हबकतात आणि ओळखीचा संपादक शोधू लागतात. त्यांना मी नारळीकरांची हकिगत सांगते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलेलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव असलेल्या माणसाला आपली कथा नावाशिवाय उभी राहते का, हे बघायचं होतं. तुमच्याजवळ नाव नाही, तर ही परीक्षा तुम्हाला आयतीच मिळालेली आहे. कथास्पर्धांच्या घोषणांवर लक्ष ठेवा, नियम नीट वाचा, शब्दमर्यादा पाळा आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत तारखेसकट जपून ठेवा.