गोधडीच्या ओळी जुळेनात तेव्हा

धाकटीसाठी गोधडी शिवायला घेतली. चौथी ओळ जोडायला गेले तर ती पहिलीपेक्षा जवळजवळ दीड सेंटीमीटर आखूड! तुकडे तर सगळे मोजून कापले होते.

बराच विचार केल्यावर उलगडा झाला. मला सलग तासभर कधी मिळत नाही. मुलं झोपल्यावर वीस मिनिटं, त्यांचा अभ्यास चालू असताना दहा. दर वेळी मशीनवर बसले की कडेपासून किती आत शिवायचं ते अंदाजानेच. शिलाई 1 मिलिमीटर जास्त आत गेली की दोन्ही तुकड्यांचं मिळून 2 मिलिमीटर कापड कमी होतं. आठ तुकड्यांच्या ओळीत सात शिलाया, म्हणजे 14 मिलिमीटर. नेमका तेवढाच फरक!

मग सुईपासून बरोबर 6 मिलिमीटरवर मशीनला जाड चिकटपट्टी लावली. कापडाची कड तिला टेकवून शिवायचं. खात्रीसाठी 5 सेंटीमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या जोडल्या, मधली दोन्ही बाजूंना 6-6 मिलिमीटर शिलाईत जाऊन बरोबर 3.8 सेंटीमीटर भरली तेव्हा जीव भांड्यात पडला. दोन दिवस मशीन बंद राहिलं की ही चाचणी आधी करते. पाच मिनिटं जातात, पण रात्री अकराला उसवत बसण्यापेक्षा फार बरं.

चुकलेली ओळ मात्र पूर्ण उसवली. ओढून जुळवली असती तर तिथे कायमची चुणी राहिली असती. आता पाचवी ओळ चालू आहे आणि कोपऱ्याला कोपरा भिडतोय.