डावा की उजवा? हात, पाय, कान आणि डोळा तपासायचे कसे

'तू डावखुरा का?' असं विचारून काही हाती लागत नाही. समोरचा लिहायचा हात सांगून मोकळा होतो, आणि आपल्याकडे नेमका तोच हात दटावून बदललेला असू शकतो. म्हणून विचारू नका, करून घ्या. तेही खऱ्या वस्तूने. हवेत हातवारे करायला लावले की माणूस विचार करून हात निवडतो.

कोणता हात प्रबळ हे मोजणारी, मानसशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड यांची १९७१ची एडिंबरा प्रश्नावली चांगली आहे, पण जशीच्या तशी वापरू नका. तिच्यातला झाडू लांब दांड्याचा, आणि प्रश्न असा की वरचा हात कोणता? केरसुणीला हा प्रश्न लागूच पडत नाही. लिहिणं आणि जेवणं रीतीने ठरतं, कात्री बहुधा उजव्यांसाठीच बनलेली असते, तिन्ही वगळा. त्याऐवजी चेंडू फेकणं, दात घासणं, केस विंचरणं, काडी ओढणं, खिळा ठोकणं, पत्ते वाटणं, सुरीने कापणं, खोडरबर, बाटलीचं झाकण आणि किल्ली, प्रत्येकी ३ वेळा. वस्तू बरोबर मधोमध ठेवा, नाहीतर जवळचा हात पुढे येतो.

उजव्यातून डावे वजा करा, एकूण संख्येने भागा, १००ने गुणा. २४ उजवे, ६ डावे म्हणजे +६०, कल उजवीकडे.

पाय: चेंडू लाथाडणं, बोटांनी गोटी उचलणं, पायरीवरचं पहिलं पाऊल. कान: बंद दाराला लावायला सांगा. फोन नको, तिथे कोणता हात मोकळा आहे यावर कान ठरतो.

खरी फसगत डोळ्यात. वहीच्या पानाएवढ्या पुठ्ठ्याला मधोमध ३ सेंमीचं भोक पाडा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरची एक खूण पाहायची. ५ सेंमीपर्यंत गेलात तर खूण दोन्ही डोळ्यांना एकदम दिसू शकते आणि चाचणी संपलीच. खूण ३ मीटरवर, अगदी नाकासमोर हवी. नजर बाजूला वळली की त्या बाजूचा डोळा पुढाकार घेऊ लागतो. पुठ्ठा दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, मांडीपासून वर उचलायचा. एका हातात दिलात तर तो त्याच बाजूच्या डोळ्याकडे सरकतो, म्हणजे मोजलात पुन्हा हातच!

खूण भोकात दिसली की पुठ्ठा हलवू देऊ नका. एकेक डोळा तुम्ही झाका. ज्याला तपासताय त्याला मिटायला सांगू नका. पुष्कळांना एकच डोळा धड मिटता येतो आणि दुसरा मिटताना मान कलते. जो झाकल्यावर खूण नाहीशी होते, तो प्रबळ. चष्मा असेल तर राहू द्या. ५ वेळा करा, दरवेळी पुठ्ठा पूर्ण खाली आणून. ३–२ आलं तर 'अनिश्चित' लिहा, बळेच डावा-उजवा ठरवू नका.

हात आणि डोळ्याचे आकडे एकत्र मिळवू नका. हात उजवा, डोळा डावा अशी माणसं भरपूर असतात, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.