एल्कच्या शिकारीआधी नकाशांची तयारी

अमेरिकेतल्या कोलोराडोत पहिल्यांदा एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस मला विचारतो की कुठलं अॅप घेऊ, आणि मी त्याला आधी विचारतो की मांस गाडीपर्यंत कसं आणणार आहेस. मोठा नर 700 पौंडांच्या आसपास भरतो, हाडं काढली तरी 200 पौंडांच्या घरात मांस निघतं आणि ते 10,000 फुटांवरून, कधी बर्फातून, बहुतेक वेळा अंधारात, पाठीवरून तीन-चार खेपा करून उतरवायचं असतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा इथे गुन्हा आहे, पण तसा कायदा नसता तरी एवढं देखणं जनावर मारून त्याचं मांस सडू देणं मला कधीच पटलं नसतं. म्हणून माझी नकाशाची तयारी शेवटाकडून सुरू होते, एल्क कुठे सापडेल हे नंतर, सापडला तर तो तिथून काढता येईल का हे आधी, आणि हे सगळं सीझनच्या दोन-तीन महिने आधी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून करायचं.

आपल्याकडे शिकारीला बंदी, त्यामुळे वडलांनी, मामांनी शिकवलं असं काही आपल्या गाठीशी नसतं, इथली पोरं मात्र बारा वर्षांची असल्यापासून आजोबांबरोबर त्याच धारेवर जात असतात. पण ज्याने सह्याद्रीत टोपोशीट हातात घेऊन घाटवाटा शोधल्यात त्याच्याकडे अर्धी विद्या आधीच आहे. सोंड कुठली, घळ कुठली, खिंड कुठे दबलीय हे कंटूरवरून, म्हणजे समान उंचीच्या रेषांवरून, ओळखता येत असेल तर इथल्या नकाशाला घाबरायचं कारण नाही, फक्त इथला सरकारी नकाशा 1:24,000 स्केलचा आणि डोंगरात दोन कंटूरमध्ये बहुतेक 40 फुटांचं अंतर, म्हणजे आपल्या 1:50,000 च्या शीटपेक्षा बराच बारीक. ज्याला कंटूर वाचता येत नाहीत त्याने अॅप घेण्याआधी दोन रविवार एखाद्या ओळखीच्या टेकडीवर नकाशा घेऊन फिरावं.

आता अॅप. पैसे एकाच अॅपवर घाला, आणि ते जमिनीची मालकी दाखवणारं असू दे. मी ऑनएक्स हंट वापरतो, मॉन्टानातल्या मिझुलाची कंपनी आहे, एका राज्यापुरती मेंबरशिप घेतली तरी पुरते. हंटस्टँडही तेच काम करतं, ज्याचा स्क्रीन तुमच्या डोळ्यांना सरावाचा वाटेल ते घ्या. गाया जीपीएस ट्रेकला छान आहे पण शिकारीचा विचार करून ते बनवलेलं नाही. लॅपटॉपवर प्लॅनिंग करायला मात्र कॅलटोपोला तोड नाही, उताराच्या कोनानुसार रंग दाखवतं, नकाशा छापून देतं आणि साध्या वापराला फुकट. गुगल अर्थ प्रो पण फुकटच, ते का लागतं ते पुढे सांगतो.

मालकीच्या रेषेवर पूर्ण एक संध्याकाळ द्या. कोलोराडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असा नियम नाही, परवानगी आधी घ्यायची जबाबदारी तुमची, म्हणजे रानात काहीच खूण नसताना तुम्ही कुणाच्या तरी जमिनीत बंदूक घेऊन उभे असू शकता. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमची (केंद्राचं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) जमीन साधारणपणे खुली, पण स्टेट ट्रस्ट लँड, म्हणजे राज्याच्या ताब्यातली जमीन, नकाशावर सरकारी दिसली तरी ती आपोआप खुली नसते, पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या पब्लिक अॅक्सेस योजनेत असेल तरच. आणि फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो, घळीत आणि दाट झाडीत त्याहून जास्त, शिवाय अॅपमधली रेषा ही काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नोंदींवरून काढलेली, सर्व्हेअरने खुंटा मारून दिलेली नाही. मी रेषेच्या आत शंभर यार्ड सोडूनच गोळी चालवायचं ठरवलेलं आहे, कारण जखमी एल्क धावत जाऊन पलीकडे पडला तर तो आणायला परत परवानगीच मागावी लागते.

बुद्धिबळाच्या पटासारखे सरकारी-खासगी चौकोन दिसले तर तिथे अजून सावध. हा पट रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात एकाआड एक चौकोन दिले तेव्हाचा. वायोमिंगमध्ये एल्क माउंटनवर 2021 मध्ये मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं, त्यावरून खटला झाला आणि मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या कोर्टाखाली कोलोराडोही येतं. तरीही पहिल्या वर्षी कोपऱ्यावर अवलंबून असलेला प्लॅन करू नका, कोपरा नक्की कुठे आहे हे फोनवरच्या ठिपक्यावरून ठरवणं फार नाजूक काम आहे. आणि युनिटची, म्हणजे शिकारीसाठी पाडलेल्या विभागाची, हद्द विसरू नका, टॅग (शिकारीचा परवाना) ज्या युनिटचा त्याच युनिटमध्ये चालतो, ती लेयर कायम चालू ठेवा.

सॅटेलाइट चित्रांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात तेही इथेच. चित्र उघडल्यावर पहिलं काम म्हणजे ते कधीचं आहे ते बघणं. माझ्या पहिल्या सीझनला मी एक सुंदर उत्तरेकडचा उतार निवडला, नकाशावर हिरवागार, एल्कला दिवसा पडून राहायला अशीच गडद झाडी लागते, गाडीपासून जेमतेम मैलभर. तो मैल चालायला मला तीन तास लागले. पाइन बीटल नावाच्या किड्याने 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या लॉजपोल पाइनची जंगलंच्या जंगलं मारली, मेलेली झाडं काही वर्षं उभी राहतात आणि मग वाऱ्याने एकमेकांवर पडतात, तर त्या उतारावर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत खोडं आडवीतिडवी पडलेली, मी एकावरून उतरून दुसऱ्यावर चढत होतो आणि सारखं एकच डोक्यात, की इथून 60 पौंडांची तंगडी पाठीवर घेऊन कसा येणार. टोपो नकाशातला हिरवा रंग म्हणजे कधीतरी इथे जंगल होतं एवढंच, आणि अॅपमधलं चित्र झाडं पडायच्या आधीचं होतं.

तेव्हापासून प्रत्येक जागा निदान तीन वेगवेगळ्या चित्रांत बघतो. कृषी खात्याची विमानातून काढलेली छायाचित्रं सगळ्यात बारीक, एका पिक्सेलमध्ये मीटरभर किंवा त्याहूनही कमी जमीन, बहुतेक अॅपमध्ये ती असतात, त्यात झूम केलं की पडलेली खोडं फिकट काड्यांसारखी दिसतात, काडेपेटी जमिनीवर उपडी केल्यासारखी. काड्या दिसल्या की त्या जागेवर काट. पण ती दर काही वर्षांनी एकदा आणि उन्हाळ्यात काढलेली असतात. म्हणून मग गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची पट्टी मागे-पुढे सरकवायची, एकच उतार दहा वर्षांत कसा बदलला ते समोर दिसतं, आधी हिरवा, मग लालसर, मग राखाडी.

आणि ताजं चित्र हवं असेल तर युरोपचा सेंटिनेल-2. एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे खोडं वगैरे काही दिसणार नाहीत, पण साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं आणि कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतं, ढग नसतील तो दिवस निवडायचा. तिथे फॉल्स कलर निवडा, त्यात जिवंत हिरवळ लाल दिसते. मग जुलै मधला एक दिवस आणि सप्टेंबर अखेरचा एक दिवस शेजारी शेजारी ठेवून बघा. जुलैमध्ये सगळी कुरणं लालबुंद असतात, सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडचे उतार वाळून करडे होतात आणि तरी मधे मधे दोन-चार लाल ठिपके उरतात, ती ओल आहे, तिथे गवत अजून कोवळं आहे. कडेचे एकसारखे गडद डाग म्हणजे स्प्रूस-फरची झाडं, त्यांना ओल समजू नका. मागच्या एका वर्षी असाच तीन-चार पिक्सेलचा ठिपका मार्क करून ठेवला होता, कुठल्याच नकाशावर तिथे झरा नव्हता, जाऊन बघतो तर बोटभर पाणी, चिखलात खुरांचे ताजे ठसे आणि कडेच्या झाडाची साल शिंगांनी सोललेली, डिंक अजून हाताला चिकटत होता. त्या जागेवर मी खूप वेळ नुसता बसून होतो.

जळलेलं रानही चित्रात बघून ठेवा. 2020 च्या कॅमेरॉन पीक आगीत 2,08,000 एकरांहून जास्त क्षेत्र जळलं, राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग, आणि अशा जागी काही वर्षांत गवत आणि अॅस्पेनचे कोंब फुटतात तेव्हा एल्क चरायला येतात. मात्र जळून उभ्या राहिलेल्या खोडांखाली तंबू लावायचा नाही, वारा आला की ती पडतात. एक सांगायचं राहिलं, सॅटेलाइट चित्र हवं तेवढं बघा पण ड्रोन उडवून जनावर शोधणं कोलोराडोत बेकायदा आहे, तो घरीच ठेवा.

जागा निवडल्या की आता मांसाची वाट. प्रत्येक जागेपासून गाडीपर्यंत कॅलटोपोवर रेघ ओढा आणि अंतराबरोबर चढ-उताराचा आलेख बघा. ओझं घेऊन उतरणं चालतं, ओझं घेऊन चढणं माणसाला मोडतं, म्हणून मी गाडीपेक्षा वरच्या बाजूच्या जागा आधी घेतो आणि दरीत खाली उतरून मारायचा मोह टाळतो. एका खेपेला दोन मैल म्हणजे चार खेपांना जाऊन-येऊन सोळा मैल होतात, त्यातले आठ ओझ्याने. तीस अंशांहून तिरपा उतार रंगात दिसला की वाट बदला. वाटेत उत्तरेकडची सावली, वाऱ्याची जागा आणि आडवी जाड फांदी मिळेल अशी एक-दोन ठिकाणं आधीच पिन करून ठेवा, पहिली खेप नेताना बाकीचं मांस कापडी पिशव्यांत तिथे टांगायचं, आणि टांगल्याबरोबर त्याच क्षणी नवा पिन मारायचा, अंधारात परत आल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

गाडी कुठपर्यंत जाते हे अॅपच्या रस्त्यांवरून ठरवू नका. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप असतो, कुठल्या रस्त्यावर कुठल्या तारखांना गाडी चालते ते त्यात लिहिलेलं असतं, अॅव्हेन्झा अॅपमध्ये तो फुकट उतरवता येतो. दिसायला काळा-पांढरा आणि रुक्ष पण कायद्याने तोच खरा. आणि वाटेत विल्डरनेसची, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानाची, हद्द लागत असेल तर तिथे चाकाची गाडी, अगदी ढकलायची सुद्धा, चालत नाही.

मग ऑफलाइन. जीपीएसला मोबाइलचा सिग्नल लागत नाही पण नकाशाला लागतो, म्हणून घरच्या वायफायवर टोपो आणि सॅटेलाइट दोन्ही डाउनलोड करा, आणि जिथे शिकार करणार तिथलं सगळ्यात बारीक रेझोल्यूशनमध्ये, आजूबाजूचं जाडंभरडं चालेल. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून, वायफाय बंद करून, घरातच प्रत्येक जागेवर झूम करून बघा की चित्र स्पष्ट येतंय का, मालकीच्या रेषा दिसतायत का, पिन दिसतायत का. ही तपासणी निघायच्या आदल्या रात्री परत करा, अॅप अपडेट झालं की कधी कधी डाउनलोड उडतं, माझं एकदा उडालं होतं आणि ते मला ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, पोचल्यावर कळलं.

अॅपमधल्या वाऱ्याच्या बाणावर फार विसंबू नका, तो अंदाज मोठ्या पट्ट्याचा असतो, तुमच्या घळीतला वारा सकाळी खाली वाहतो आणि ऊन तापलं की वर चढतो, बाटलीतली पावडर उडवून बघा. थंडीत फोन 40 टक्क्यांवरून धाडकन बंद पडतो, म्हणून तो जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा, बरोबर 10,000 एमएएचची पॉवरबँक, तीही आतच. कागदाचा नकाशा छापून झिपच्या पिशवीत घाला, होकायंत्राला इथे नकाशाची उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांतला साधारण 8 अंश पूर्वेचा फरक लावून ठेवा. रायफल सीझनला अंगावर 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी हवंच, ते नकाशात येत नाही पण यादीत हवं.

शेवटची रात्र घरच्यांसाठी. गाडी कुठे लावणार तो पिन, तीन जागांचे पिन कुठल्या दिवशी कुठे त्या क्रमाने, आणि काउंटीच्या शेरीफ ऑफिसचा नंबर, कारण इथे हरवलेल्याला शोधायची जबाबदारी शेरीफकडे असते, हे सगळं एका मेसेजमध्ये बायकोला पाठवतो आणि फ्रिजवर छापील नकाशा लावतो, त्यावर पेनाने लिहिलेलं असतं की रविवारी रात्री नऊपर्यंत माझा सॅटेलाइट मेसेंजरवरून मेसेज नाही आला तर फोन कर.