ल्युपस कोणत्या प्रकारचा आहे, हे कसे ओळखावे

मराठवाड्यात कापूस वेचणीला किंवा ज्वारीच्या काढणीला दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईच्या गालांवर चट्टे उठले, की घरचे ते वांग समजून सोडून देतात. ल्युपस बहुतेक वेळा इथेच निसटतो. या आजारात रोगप्रतिकारशक्ती शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि दर 10 रुग्णांपैकी सुमारे 9 स्त्रिया असतात.

प्रथम चट्टा नीट पाहावा. वांग तपकिरी व सपाट असतो आणि त्याची आग होत नाही. ल्युपसचा चट्टा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरतो, उन्हाने भडकतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी बहुधा मोकळी सोडतो. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता काळसर-जांभळट दिसू शकतो. डिस्कॉइड प्रकारात नाण्यासारखे गोल, खपलीदार चट्टे कानांवर व डोक्यावर येतात. उपचार लांबल्यास तिथले केस कायमचे जातात.

त्यानंतर आजार त्वचेपुरताच आहे की सिस्टेमिक, म्हणजे शरीरभर पसरणारा आहे, हे तपासावे. सकाळी बोटांचे सांधे आखडणे, रेंगाळणारा ताप, तोंडात न दुखणारे व्रण आणि श्वास घेताना छातीत दुखणे ही त्याची लक्षणे होत. मूत्रपिंड मात्र सुरुवातीला गप्प राहते. लघवी फेसाळ होऊन पायांवर सूज येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असू शकते, म्हणून बरे वाटत असले तरी प्रत्येक भेटीत लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्यावा. यात संकोच मुळीच करू नये. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी, निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे केवळ तिच्यावरून निदान मानू नये.

क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारख्या औषधानेही ल्युपस उद्भवू शकतो आणि औषध थांबवल्यावर तो सहसा ओसरतो. परंतु क्षयाची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये. आईच्या रक्तातील अँटी-रो नावाच्या, स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांमुळे बाळाला होणाऱ्या ल्युपसमध्ये पुरळ काही महिन्यांत जाते, हृदयाच्या ठोक्यांतील अडथळा मात्र कायम राहू शकतो, त्यामुळे गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत आपला आजार सांगावा.

शंका आल्यास संभाजीनगरचे घाटी शासकीय रुग्णालय किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. ल्युपसवरील हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध सुरू असल्यास डोळ्यांची तपासणी सांगितलेल्या वेळी करावी, स्टेरॉइड अचानक सोडू नये, आणि शेतात जाताना साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट व चेहऱ्यावर रुमाल असावाच.