मातीचा किल्ला कसा बघावा? लंडनजवळचं बर्कहॅमस्टेड

नॉर्मन किल्ला म्हटलं की लंडनला गेलेले आपले गडप्रेमी थेट टॉवर ऑफ लंडन गाठतात. तो बघावाच. पण 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन जिंकलेलं इंग्लंड नॉर्मनांनी ताब्यात ठेवलं ते मुख्यतः माती आणि लाकडाच्या शेकडो किल्ल्यांच्या जोरावर. त्यातला एक बघायला बर्कहॅमस्टेडइतकं सोयीचं ठिकाण नाही. लंडनच्या युस्टन स्टेशनवरून गाडीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं, किल्ला स्टेशनला खेटूनच आहे आणि प्रवेश फुकट. हिवाळ्यात दारं लवकर बंद होतात, तेवढी वेळ आधी बघून घ्या.

तरीही जमलं तर हिवाळ्यातच जा. झाडोरा कमी असतो, ऊन तिरपं पडतं आणि एरवी सपाट वाटणाऱ्या जमिनीतले चढउतार सावल्यांमुळे उठून दिसतात. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत, ओलं गवत फार घसरतं.

रचना आधी डोक्यात पक्की करा. माणसांनी रचलेलं उंच टेकाड म्हणजे मॉट, हा बालेकिल्ला. त्याच्या पायथ्याचं तटबंदीचं आवार म्हणजे बेली. भोवती खंदक. खंदक खणताना निघालेली मातीच टेकाडासाठी आणि तटासाठी वापरायची, म्हणजे एका कष्टात दोन कामं. वरचं लाकडी कुंपण कधीच कुजून गेलं. आज दिसणाऱ्या गारगोटीच्या भिंती नंतरच्या काळातल्या. फोटोत त्याच येतात, पण तुम्ही त्यांच्यात अडकू नका.

आत शिरण्याआधी बाहेरून चालायला लागा. इथे खंदक एक नाही, दोन आहेत, आणि हे दुर्मिळ. दोन्हींच्या मधल्या बांधावर उभं राहून पलीकडचा चढ नजरेने मोजा. चिलखत घालून, वरून बाण येत असताना तो कसा चढणार, असा विचार केला की तटाचा उतार इतका तीव्र का ठेवलाय ते कळतं. दक्षिणेची बाजू मात्र अर्धवट वाटेल. 1830च्या दशकात लंडन–बर्मिंगहॅम रेल्वे आली आणि तिथली बाहेरची बांधबंदिस्ती तिने गिळली.

मग बेली ओलांडून मॉटवर चढा. उंची साधारण 12 मीटर, राजगडाचा बालेकिल्ला चढलेल्यांना किरकोळ वाटेल. पायऱ्यांनीच चढा. उतारावरून आडवं गेलं की माती ढासळते, आणि इथे माती हाच मूळ ऐवज आहे. वर गेल्यावर आधी बेलीकडे पाहा. शत्रू आवारात घुसला तरी वरच्यांना तो सगळा नजरेखाली राहतो.

आता उत्तरेकडे आणि पूर्वेकडे वळा. सगळ्यात बाहेरच्या बांधाला जागोजागी मातीचे फुगवटे आहेत. डिसेंबर 1216 मध्ये फ्रान्सचा राजपुत्र लुई याने किल्ल्याला वेढा घालून दगडफेकी यंत्रांचा मारा केला आणि दोनेक आठवड्यांत किल्ला पडला. हे फुगवटे त्या यंत्रांसाठी रचलेले चौथरे, असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती किल्ल्याचीच बाहेरची संरक्षणव्यवस्था. खाली उतरून त्यांतल्या एकावर उभे राहा, मॉटपर्यंतचं अंतर बघा आणि कोणता पक्ष पटतो ते तुम्हीच ठरवा. मला चौथऱ्यांचा पटतो.