सेकंड हँड इंजिन घेताना नंबर वाचण्यातल्या या चुका टाळा

इंजिनावर ठोकलेला नंबर हा खरं म्हणजे क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य पेटीचा, नंबर असतो. आतला क्रँक, गिअर, पिस्टन, वरचा ब्लॉक, हेड यांतल्या कशाचीही हमी तो देत नाही. एवढं लक्षात ठेवून इंजिन बघायला गेलात तर निम्मे घोटाळे जागेवरच पकडता येतात.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात हा विषय जास्तच नाजूक आहे. गाडी केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची आणि इंजिन निघालेलं कोल्हापूरच्या एमएच-०९ गाडीतून, असं इथं सर्रास होतं. गॅरेजवाल्यालाही त्यात वावगं वाटत नाही. कागलचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, पण स्प्लेंडरचं इंजिन तेच राहतं. अडचण येते ती पुढं गाडी विकताना, विम्याचा क्लेम करताना किंवा एनओसी (आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र) काढताना. तोवर इंजिन विकणारा कुठं गेला ते कुणाला माहीत नसतं.

ओतीव नंबरालाच इंजिन नंबर समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. क्रँककेस, मॅग्नेटचं कव्हर, क्लच कव्हर, ब्लॉक या सगळ्यांवर आकडे असतात. त्यातले बरेचसे ओतकामात आलेले, वर उठलेले असतात. ते साच्याचे किंवा पार्टचे नंबर. एका साच्यातून निघालेल्या हजारो केसवर तोच आकडा असतो, त्यामुळं तो लिहून घेऊन काहीच उपयोग नाही. इंजिन नंबर धातूत आत ठोकलेला असतो आणि तो प्रत्येक इंजिनाला वेगळा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम केलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, तो नुसतं बोट फिरवून सांगतो. तुम्हीही बोट फिरवूनच बघा. बोटाला उंच लागला तर ओतीव, खोल लागला तर ठोकलेला. काही गाड्यांवर नंबर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला असतो, तो फार खोल लागत नाही, म्हणून खोटा समजू नका.

ब्लॉकवर ओतलेल्या सीसीच्या आकड्यावरून मॉडेल ठरवणं हीसुद्धा तीच चूक. तो आकडा ब्लॉकचा. ब्लॉक बदलायला चार बोल्ट खोलले की झालं.

साफ करायच्या नादात नंबर घालवणं

बऱ्याच मोटारसायकलींवर नंबर डाव्या बाजूला, गिअर लिव्हरच्या आसपास केसच्या खालच्या अंगाला असतो. म्हणजे नेमका चिखल, चेनचं तेल आणि धूळ बसते तिथं. खानापूरच्या जंगलवाटांवर फिरलेल्या गाडीवर तर तांबड्या मातीचा थर तेलात मुरून दगडासारखा होतो. तो बघितला की गॅरेजमधलं पोर लगेच पॉलिश पेपर नाहीतर ग्राइंडर काढतं. त्याला तिथंच थांबवा. ॲल्युमिनियम मऊ असतं. पॉलिश पेपर दोनचार वेळा फिरला तरी उथळ आकडे पुसट होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे घासल्याच्या खुणा राहतात. उद्या तपासणीत त्या खुणा तुमच्याच अंगावर येतात.

रॉकेल किंवा डिझेलमध्ये फडकं भिजवून नंबराच्या जागेवर थोडा वेळ ठेवा. थर मऊ पडला की जुन्या टूथब्रशनं घासा, फार झालं तर पितळी ब्रशनं, हलक्या हातानं. कोरडं करून वरून खडू चोळा आणि बोटानं पुसून काढा. खडू खोबणीत राहतो आणि आकडे पांढरे उठून दिसतात. मोबाईलची बॅटरी समोरून मारू नका, केसला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. सावली पडली की तीन आणि आठ वेगळे दिसतात. त्यानंतर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या. आरटीओच्या फॉर्मवर चेसीसचा (गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराचा) जसा पेन्सिल प्रिंट घेतात, तसाच. फोटोत आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो, छापात सहसा नाही.

वाचताना फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड, शून्य आणि डी, १ आणि ७. चेसीस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळं तिथं गोल दिसलं की शून्य किंवा डी. इंजिन नंबराला मात्र हा नियम लागू धरू नका.

चेसीसचा तक्ता इंजिनाला लावणं

मोबाईलवर फिरणारे तक्ते बघून 'दहावं अक्षर जी, म्हणजे इंजिन २०१६ चं' असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. तो तक्ता १७ अक्षरी चेसीस नंबराचा आहे. त्यात दहाव्या जागी वर्ष असतं: ए म्हणजे २०१०, बी २०११, पुढं एच २०१७, आय वगळून जे २०१८, एल २०२०. इंजिन नंबराची लांबी आणि रचना प्रत्येक कंपनीची आपापली असते, त्यात दहावं अक्षर मोजून काहीच हाती लागत नाही.

इंजिन नंबराची पहिली अक्षरं मात्र कामाची. चेसीस नंबराच्या सुरुवातीला कंपनीचा कोड येतो: हीरोचा एमबीएल, बजाजचा एमडी२, टीव्हीएसचा एमडी६, होंडाचा एमई४, रॉयल एनफिल्डचा एमई३. होंडा आणि हीरोच्या गाड्यांत त्याच्या पुढचा मॉडेल कोड आणि इंजिन नंबराची सुरुवात यांचा मेळ असतो. ॲक्टिव्हाच्या एका पिढीत चेसीस एमई४जेएफ५० नं सुरू होतो आणि इंजिन जेएफ५०ई नं. स्प्लेंडरच्या पुष्कळ गाड्यांवर चेसीस एमबीएलएचए१० आणि इंजिन एचए१०ई. तेव्हा विकणारा 'स्प्लेंडरचंच आहे' म्हणाला आणि नंबराची सुरुवात जेएफनं झाली, तर बोलणं तिथंच थांबवायचं. पण एचए१०ई एवढं दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नका. हाच कोड पॅशनच्या इंजिनावरही सापडतो. त्यापुढची अक्षरंही आपल्या आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी पुस्तकावरच्या) नंबराशी ताडून बघा. फरक दिसला तर सेल्फ मोटरची जागा, वायरिंग, कार्बोरेटरची बैठक हे सगळं आपल्या गाडीशी जुळतंय का ते हातानं तपासा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत हा विचार आधीच करा. तिथं फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात, जुनं कार्बोरेटरवालं इंजिन चौकटीत बसलं तरी गाडीला ते चालत नाही.

नंबर बरोबर म्हणून आतलं सगळं बरोबर

इथं सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यामाहा आरएक्स १०० घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स १३५ चा बोअर ५८, स्ट्रोक मात्र तोच ५०. स्ट्रोक सारखा असल्यानं १०० च्या केसचं तोंड मोठं करून १३५ चा ब्लॉक चढवण्याची हौस गेली कित्येक वर्षं चालू आहे. असं इंजिन विकायला आलं की नंबर १०० चाच निघतो, अगदी अस्सल. पण केसचं तोंड कापलेलं असतं, ते मूळ रूपात परत येत नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचंही तसंच: ३५० चा बोअर ७०, ५०० चा ८४, स्ट्रोक दोन्हींचा ९०. नंबरावरून फक्त केस कुठल्या मॉडेलची म्हणून कारखान्यातून निघाली ते कळतं.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. मोटारसायकलच्या केसचे बहुधा डावा आणि उजवा असे दोन भाग असतात, आणि नंबर फक्त एकावर असतो. कारखान्यात हे दोन भाग जोडीनं मशीन होतात, म्हणजे बेअरिंगच्या जागा एकमेकांसमोर नेमक्या येतात. मोडीतल्या दोन गाड्यांतून एक डावा, एक उजवा घेऊन 'हाफ इंजिन' (ब्लॉक-हेड नसलेलं खालचं इंजिन) तयार केलं, तर नंबर खरा, कागद खरा आणि इंजिन मात्र सदोष. क्रँक जड फिरतो, बेअरिंग लवकर जातात, जोडावरून तेल पाझरतं. हे ओळखायला ब्लॉक उतरवलेला असताना केसच्या माथ्यावर, जिथं ब्लॉकची गॅस्केट बसते तिथं, दोन भागांच्या जोडावरून नख आडवं फिरवा. नख अडलं, म्हणजे एक भाग दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली आहे. असं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही भागांच्या धातूचा रंग, आतल्या काजळीचा थर, बोल्टच्या डोक्यांची झीज यांतही फरक दिसतो.

नंबर नवा ठोकलाय का, ते न बघणं

कारखान्यातले आकडे एका ओळीत, एका खोलीचे, एकाच वळणाचे असतात. नंबराखालची जागा आजूबाजूपेक्षा खोलगट, गुळगुळीत किंवा जास्त चकचकीत असेल, तर ती घासलेली आहे. आधीच्या आकड्याची पुसट सावली तिरप्या उजेडात कधी कधी दिसते. जुन्या बुलेटवर आकडे हातानं ठोकलेले असल्यानं मूळचेच वाकडेतिकडे असतात, तेव्हा तिथं आकड्यांच्या नाचण्यापेक्षा त्यांच्याखालचा धातू बघा.

नंबर ठोकताना आकड्याच्या खालचा धातू दाबला जातो. वरचा थर घासून टाकला तरी तो दाब खाली राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून मूळ आकडे वर आणता येतात. म्हणून 'घासलाय, आता कुणाला कळतंय' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चोरीचा माल आहे अशी शंका यायला कारण असूनही घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ याला लागू आहे.

कागदाशिवाय इंजिन उचलणं

'आम्ही काय गाडी घेतोय काय, नुसतं इंजिन तर घेतोय की' हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. पण ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीवर तोच नंबर आहे, आणि ती गाडी कुणाची ना कुणाची होती. विकणाऱ्याला सरळ म्हणा, "अण्णा, आधी मूळ गाडीची आरसी दाखवा, मग पैशाचं बोलू." आरसीची झेरॉक्स, मालकाच्या सहीचा कागद आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती हे तिन्ही हवं. गाडीचा नंबर कळला की एमपरिवहन ॲपवर ती बघा. तिथं इंजिन नंबराचे काही आकडे झाकलेले असतात, पण मॉडेल आणि दिसणारा भाग छापाशी ताडता येतो. चोरीच्या गाड्यांची नोंद तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सोय आहे, तिथं इंजिन नंबर टाकून बघता येतं. महाराष्ट्रातून आलेल्या इंजिनासाठीही ती चालते, कारण नोंदी देशभरच्या असतात.

इंजिन बसवल्यावर खरं काम सुरू होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, कारण अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन आणि चेसीस नंबरच पॉलिसीशी जुळवतो.

सीमेवरच्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथं ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्याआधी मूळ आरटीओची एनओसी. एमएच-०९ ची गाडी केए-२३ करताना तपासणी होते, आणि कित्येक वर्षांपूर्वी बदललेलं इंजिन तेव्हा उघडं पडतं. इंजिनाची नोंद आधी मूळ आरटीओत करून घ्या, मगच एनओसीचा अर्ज करा. उलट क्रमानं गेलात तर दोन्ही राज्यांत फेऱ्या होतात.

नंबर जुळत नसेल तर

आपल्याच गाडीचा इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही असं आढळलं तर आधी एक-दोन आकड्यांचा फरक आहे का ते बघा. जुनी पुस्तकी आरसी स्मार्ट कार्डावर उतरवताना बी चा ८ झालेला असू शकतो. जुनं पुस्तक, पहिली विमा पॉलिसी, शोरूमचं बिल यांतला नंबर आणि पेन्सिल छाप घेऊन आरटीओत दुरुस्तीचा अर्ज करा.

नंबर पूर्ण वेगळा असेल, तर आधीच्या मालकानं इंजिन बदललेलं आहे. त्याला गाठून पावती मिळवा. पावती मिळाली नाही, तर तो नंबर चोरीच्या नोंदीत तपासा आणि मगच आरटीओत जा.

केस फुटली म्हणून कंपनीचा नवा क्रँककेस घेतला, तर तो बिननंबरी येतो. त्यावर जुना नंबर मिस्त्रीकडून ठोकून घेऊ नका. हेतू कितीही सरळ असला तरी तपासणीत तो नंबर ठोकाठोकीचाच दिसणार. डीलरचं बिल आणि फुटलेली जुनी केस घेऊन आधी आरटीओत अर्ज करा, परवानगी मिळाल्यावर तिथं सांगतील तसं नंबराचं काम करा, आणि आरसीवर नोंद होईपर्यंत जुनी केस भंगारात घालू नका.