ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताय? फी भरण्याआधी या चुका टाळा

"सर, युनिव्हर्सिटी नॅक ए प्लस आहे, यूजीसी अप्रूव्हड आहे, आज सीट ब्लॉक केलीत तर फीमध्ये सूट मिळेल." ऑनलाइन एमबीएच्या जाहिरातीवर नंबर टाकला की असा फोन हमखास येतो. यातला शब्दन् शब्द खरा असू शकतो, आणि तरीही तुमची पदवी पुढे कागदपत्र पडताळणीत अडकू शकते.

नॅकच्या ग्रेडला परवानगी समजणं

सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करून त्यांचा दर्जा ठरवणारी परिषद. कोणता कोर्स ऑनलाइन चालवायचा, याची परवानगी नॅक देत नाही. ते काम यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचं, म्हणजे डीईबीचं. २०२० च्या नियमांनुसार ४ पैकी किमान ३.०१ नॅक गुण, किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत, विद्यापीठ गटात, आधीच्या तीन याद्यांपैकी किमान दोनदा पहिल्या शंभरात स्थान, ही पात्रतेची साधारण अट. पण पात्र असणं आणि यादीत असणं यात फरक आहे.

डीईबीची यादी कोर्सनिहाय आणि सत्रनिहाय असते. जानेवारी-फेब्रुवारीचं एक सत्र, जुलै-ऑगस्टचं दुसरं. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचं ऑनलाइन बीकॉम यादीत असेल आणि एमबीए नसेल, किंवा गेल्या वर्षी असलेला कोर्स यंदा गायब असेल, असं होऊ शकतं. म्हणून डीईबीच्या संकेतस्थळावर जा, वर्ष आणि सत्र निवडा, विद्यापीठाचं नाव काढा आणि त्यापुढे तुमच्याच कोर्सचं नाव आहे का ते वाचा. समुपदेशकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही. त्यावरचं वर्ष बहुधा कापलेलं असतं!

यादी उघडलीच आहे तर आणखी एक गोष्ट बघा. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. एक असली म्हणून दुसरी असतेच असं नाही.

जे ऑनलाइन होतच नाही, ते घेणं

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, कायदा या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. "वर्किंग प्रोफेशनल्ससाठी घरबसल्या बीटेक" दिसलं की टॅब बंद करा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेची, परीक्षा पास होण्याची अट आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. तोवर कित्येक जण त्या पदवीवर नोकरीत स्थिरावले होते. चूक विद्यापीठांची होती, भोगलं विद्यार्थ्यांनी.

पीएचडीचंही तेच. ऑनलाइन पीएचडी मान्य नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे.

फोनवरच्या माणसाला विद्यापीठ समजणं

तो बहुतेक वेळा एखाद्या एडटेक (ऑनलाइन शिक्षण सेवा विकणाऱ्या) कंपनीचा किंवा एजंटचा माणूस असतो. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला यूजीसीची बंदी आहे. प्रवेश, शिकवणं, परीक्षा ही जबाबदारी विद्यापीठाचीच. पैसे कोणाच्या खात्यात जातायत ते बघा. खात्याचं नाव विद्यापीठाचं नसून कुठल्या तरी "एज्युसर्व्हिसेस"चं असेल तर तिथेच थांबा. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा डीईबी आयडी लागतो, आणि तो आपल्या एबीसी आयडीवरून (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांक खात्याच्या क्रमांकावरून) स्वतः काढायचा असतो. "ते आम्ही नंतर बघतो" असं कोणी म्हणालं तर समजून जा.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी एडटेक कंपनीमार्फत मिळत असेल, तर ती इथे मान्य नाही असा इशारा यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. आणि आयएसओ प्रमाणपत्राचा पदवीच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही, ते कितीही सोनेरी छापलेलं असो.

प्रवेश आधीच झाला असेल तर

आधी तुमच्या प्रवेशाच्या सत्राची यादी तपासा, आजची नव्हे. त्या सत्रात कोर्स यादीत असेल तर नंतर मान्यता गेली म्हणून घाबरू नका. नसेल, तर पुढचा हप्ता थांबवा, विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करून परवानगीचं पत्र मागा आणि उत्तर टाळाटाळीचं आलं तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा. फोनवर भांडत बसू नका, लेखी काहीच हाती राहत नाही.

सगळं नीट असेल तरी त्या सत्राच्या यादीचं पान पीडीएफ करून फीच्या पावतीसोबत ठेवा. यूजीसीच्या सप्टेंबर २०२२ च्या सूचनेची प्रतही त्यातच टाका. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय, आणि एचआरमधल्या सगळ्यांनी ती वाचलेली असतेच असं नाही.